हसनाबादहून माघारी फिरलेली गाडी

माझा बेत चार दिवसांचा होता. टेंभुर्णीहून मोटारसायकलवर निघायचं, जाफराबाद, भोकरदन, हसनाबाद करत संभाजीनगर गाठायचं, तिथं गाडी ट्रकवर चढवायची आणि आपण बसनं पुण्याला यायचं. प्रत्यक्षात मी हसनाबादच्या पुढं गेलोच नाही. तरीही हे लिहायला बसलो, कारण पुण्यातले मित्र भेटले की विचारतात, "गाडी आणणार होतास ना? काय झालं?" प्रत्येकाला निरनिराळी थाप मारून मी आता थकलो आहे. शिवाय त्या भागात हौसेनं कोणी जात नाही. अजिंठ्याची लेणी बघायला निघालेले लोक संभाजीनगरहून सरळ उत्तरेला जातात. भोकरदन त्यांच्या उजव्या हाताला राहतं आणि जाफराबाद कोणाच्याच कोणत्या हाताला येत नाही.

गाडी अण्णांची, म्हणजे माझ्या वडिलांची. कंपनीचं नाव सांगत बसत नाही. गोल हेडलाइट, पेट्रोलमध्ये ऑइल मिसळावं लागायचं, मागं निळा धूर सुटायचा आणि दुधवाल्यापासून नवरदेवापर्यंत सगळे तिच्यावरच बसायचे. ज्यांच्या घरी ती होती त्यांना एवढ्यावर ओळख पटेल.

ह्या गाडीनं आमच्या घराचं काय केलं ते आधीच सांगून टाकतो. चोवीस वर्षांपूर्वी, दिवाळी होऊन महिना झाला असेल, सकाळी अण्णांच्या छातीत दुखायला लागलं. दादानं, म्हणजे माझ्या थोरल्या भावानं, त्यांना मागं बसवलं आणि भोकरदनच्या डॉक्टरांकडं निघाला. जाफराबाद ओलांडल्यावर गाडी बंद पडली. दादानं किका मारमारून पाय सुजवून घेतला. बऱ्याच वेळानं एक टेम्पो मिळाला, पण भोकरदनला पोचेपर्यंत अण्णा गेले. आई पाठोपाठ एसटीनं आली तेव्हा डॉक्टर म्हणाले, "थोडं आधी आणायला पाहिजे होतं." ते एवढं एक वाक्य आईनं घरी आणलं आणि मरेपर्यंत सोडलं नाही.

ती दादाशी भांडली नाही. फक्त त्याच्या मागं कधी बसली नाही. मोटारसायकल तर राहिलीच, तो बैलगाडी जुंपून बसला असेल तर ही शेतापर्यंत पायी जायची. पाहुण्यारावळ्यांना सांगायची, "थोरल्याला गाडी सांभाळता आली न्हाई." पुढं ती माझ्याकडं पुण्याला आली ती कायमचीच. दोन वर्षांपूर्वी माझ्याच घरी गेली. लोकांनी मला चांगला मुलगा म्हटलं आणि मी ते म्हणवून घेतलं. खोटं कशाला बोलू, माझंही मत आईसारखंच होतं. दादा गाडी दामटायचा, वेळेवर ऑइल बघायचा नाही, असं मी बायकोलाही सांगून ठेवलं होतं.

ती गाडी त्यानं दुरुस्त केली नाही आणि विकलीही नाही. भंगारवाले दारात आले की हाकलून द्यायचा. त्याचं मन त्याला खातंय, असं आम्ही आपसांत म्हणायचो.

यंदा आमच्या कारखान्यानं स्टोअर विभाग बंद केला. पंचवीस वर्षं मी नटबोल्ट मोजून दिले-घेतले आणि पन्नाशीतच घरी बसलो. रिकाम्या हातांना काहीतरी हवं होतं. म्हटलं, अण्णांची गाडी तरी चालू करून आणावी. ती त्या दिवशी नेमकी का बंद पडली, हेही एकदा बघावं.

टेंभुर्णी

टेंभुर्णीला पोचलो तेव्हा कापसाची दुसरी वेचणी चालू होती. गावात शिरतानाच दोन्ही बाजूंना मक्याची कणसं वाळत घातलेली, मधून एका गाडीपुरती वाट. पुण्यात रस्त्यावर कोणी कणीस ठेवलं तर अर्ध्या तासात नोटीस येईल. इथं एसटीचा ड्रायव्हरही कणसांना वळसा घालून जातो आणि कोणाला त्यात काही वावगं वाटत नाही. एरवी मला हे बघून बरं वाटतं. ह्या खेपेला आभाळ भरून आलेलं, वारा पडलेला आणि सगळं गाव मळकट चादर अंगावर घेतल्यासारखं दिसत होतं.

वहिनीनं येसराची, म्हणजे भाजलेल्या डाळी-धान्यांच्या मसाल्याची, आमटी केली होती. पुण्यात मी येसर विकत आणतो आणि आमटी करतो, पण तिला तो भाजका वास येत नाही. भाकरी, आमटी, वर मिरचीचा ठेचा. डोळ्यांतून पाणी आलं तरी हात थांबला नाही. दादा समोर बसून जेवला. आता तो साठीला आला आहे. त्याच्या हातावरच्या शिरा अगदी अण्णांसारख्या दिसायला लागल्या आहेत.

जेवण झाल्यावर मी गाडीचा विषय काढला.

"काहून नेऊन राह्यला ते लोखंड?" तो म्हणाला.

"चालू करतो. त्या दिवशी बंद काहून पडली ते तरी कळंल."

दादानं सुपारी कातरायची थांबवली. "कळून काय करतू?"

मग त्यानं विचारलं, "नवीन सामान आनलंय का?"

"कॉइल आणलीय, वायर आणलीय, बॅटरी आणलीय."

"मंग जुनी कॉइल अन् जुनी वायर काढ अन् फेकून दे. उघडत बसू नको. बिलकुल उघडू नको."

मला वाटलं, त्याला त्या गाडीकडं बघवत नाही म्हणून घाई करतोय.

ज्यांना गाड्यांतलं कळत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. बॅटरीतला करंट अशक्त असतो. त्याला पेट्रोल पेटवता येईल एवढा जोर द्यायचं काम टाकीखाली बसवलेली एक डबी करते, तिला इग्निशन कॉइल म्हणतात. त्या डबीतून पेन्सिलीएवढी जाड वायर निघते आणि प्लगपर्यंत जाते. ह्या दोन वस्तूंपैकी एक जरी आजारी असली तरी बाकीची गाडी कितीही ठणठणीत असो, ती चालत नाही. आणि ह्यांचा आजार चोरटा असतो. गाडी थंड असताना काही दिसत नाही, तापली की डोकं वर काढतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी गोठ्याशेजारच्या पत्र्याच्या शेडमधून गाडी बाहेर काढली. टायरांचा भुगा झाला होता, ते जाफराबादहून मागवले. कार्ब्युरेटर धुतला, पॉइंट घासले. मग टाकी उतरवून जुनी कॉइल आणि वायर काढली. वायरच्या मधोमध कापडाची पट्टी गुंडाळलेला एक फुगवटा होता. असेल जुना जोड, म्हणून मी बघितलं न बघितलं केलं. दादा तिथंच उकिडवा बसून माझ्या हातांकडं बघत होता.

फेकून मात्र दिलं नाही. पंचवीस वर्षं स्टोअरमध्ये काढलेल्या माणसाच्या हातून जुना माल फेकला जात नाही. कॉइल आणि वायर प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून मी गाडीच्या डिकीत टाकली.

"जुनं कुठंय?" दादानं विचारलं.

"पिशवीत. राहू दे, कामाला येईल."

"फेक म्हनलं व्हतं ना तुला." एवढंच बोलून तो उठला.

संध्याकाळी पाच वाजता, सतराव्या किकला गाडी सुरू झाली. निळा धूर अंगणभर झाला, गोठ्यातली म्हैस बिथरली. मला लहान पोरासारखा आनंद झाला आणि मी दादाला हाक मारली. तो शेताच्या वाटेला लागला होता. वळून बघितलं नाही त्यानं.

वहिनी दारात उभी होती. म्हणाली, "भाऊजी, चोवीस सालं ह्यांनी कोनाला हात लावू दिला न्हाई ह्या गाडीला. तुमाला लावू दिला, हेच लई झालं."

भोकरदन

सकाळी निघालो तेव्हा धुकं होतं. जाफराबादपर्यंत गाडी छान चालली. रस्त्याच्या कडेला तुरी फुलावर आल्या होत्या, मधेच कापसाचे पांढरे पट्टे, बांधावर बाभळी. जाफराबाद मागं पडल्यावर माझा हात आपोआप ढिला झाला. अण्णांना घेऊन दादा जिथं थांबला ती जागा ह्याच रस्त्यावर कुठंतरी होती. कुठली, ते मी त्याला चोवीस वर्षांत विचारलं नव्हतं. प्रत्येक झाडापाशी वाटायचं, इथंच असेल. असं करत करत भोकरदन आलं.

भोकरदनचा मिरचीचा बाजार आधी नाकाला कळतो. हिरव्या मिरचीच्या गोण्या रस्त्यापर्यंत आलेल्या, हमाल, टेम्पो, आणि मी हेल्मेटमध्ये शिंकतोय. इथला माणूस त्या ठसक्यात उभा राहून चहा पितो. एका गाड्यावर गरम भजे आणि तळलेल्या मिरच्या खाल्ल्या. पुण्यात भज्यांबरोबर मिरची शोभेला ठेवतात. इथं मिरच्या संपल्या की भजेवाला न विचारता आणखी टाकतो आणि तुम्ही ती खाल्ली की नाही हे लक्ष ठेवून बघतो. केळना नदीच्या पुलावर थांबून थोडा वेळ पाण्याकडं बघितलं. पाणी फारसं नव्हतंच.

संभाजीनगरला जायला मी मुद्दाम हसनाबादचा रस्ता धरला, ट्रक कमी लागतील म्हणून. भोकरदन सोडून फार झालं नसेल, गाडीनं एक गचका दिला. मग दुसरा. मग एखाद्या म्हाताऱ्यासारखी खोकत खोकत ती एका चहाच्या टपरीसमोर येऊन गप्प झाली.

टपरीवर चार माणसं होती, तर चौघांनी पाच निदानं केली. एक म्हणाला पेट्रोलमध्ये कचरा, दुसरा म्हणाला प्लग. तिसऱ्यानं स्वतःच येऊन किक मारली आणि चप्पल तुटली म्हणून मलाच दोष दिला. चौथा शांतपणे बिडी ओढत होता. तो म्हणाला, "साहेब, जुन्या गाडीला जुनाच मानूस लागतो. हसनाबादला हबीब मिस्त्री हायेत. आता विहिरीवरच्या जळक्या मोटारी भरत्यात, पन गाडीला न्हाई म्हननार न्हाईत." मग त्यानंच मिरचीचे रिकामे क्रेट घेऊन चाललेला एक छोटा टेम्पो थांबवला. गाडी क्रेटांवर आडवी, मी तिच्याशेजारी बसलो आणि शिंकत हसनाबादला पोचलो. ह्याच रस्त्यानं नाही, पण अशाच एका टेम्पोतून अण्णा गेले होते, हे मला त्या वेळी आठवल्यावाचून राहिलं नाही.

हसनाबाद

हबीब मिस्त्रींचं दुकान म्हणजे विहिरीवरच्या जळालेल्या मोटारींचा दवाखाना. तांब्याच्या तारेची रिळं, उघडी पोटं पडलेल्या मोटारी, वार्निशचा वास. मिस्त्री सत्तरीच्या पुढचे. चष्म्याला दोरी बांधलेली, बोटं मात्र तरुण माणसासारखी. गाडी बघून त्यांनी तिच्या टाकीवर हात ठेवला आणि लगेच कामाला लागले नाहीत. स्टूल पुढं सरकवलं.

"बसा. आधी सांगा, गाडी कोनाची?"

"वडिलांची."

"बंद कुठं पडली? थंड व्हती का गरम? मागं कोन बसलं व्हतं?"

मला हसू आलं. म्हटलं, मागं कोण बसलं होतं ह्याचा काय संबंध? ते म्हणाले, "वजनाचा संबंध असतो. अन् मानूस घाबरलेला असला की किक बराबर मारत न्हाई. गाडी हातात घ्यायच्या आधी मी इचारतोच. माझ्या उस्तादांची रीत हाय."

मी टपरीसमोरचं सांगितलं. का कोण जाणे, चोवीस वर्षांपूर्वीचंही सांगून टाकलं.

मग मिस्त्री उठले. प्लगची टोपी काढून वायरचं टोक इंजिनाजवळ धरलं आणि मला किक मारायला सांगितलं. ठिणगी आली नाही. कॉइलमधून वायर ओढून काढली, तिचं टोक ब्लेडनं चिरलं आणि नाकाशी नेऊन हुंगलं.

"जळली. ही कारची वायर हाय साहेब. हिच्यात तांबं न्हाई, काळा धागा हाय. ह्या गाडीच्या कॉइलीत मधी खिळा असतो, त्यो तारंत घुसावा लागतो. धाग्यात घुसला की वीस-पंचवीस मैल चालतं, मंग धागा जळून मधी फट पडती. वायर महागाची घेतली, पन ह्या गाडीच्या कामाची न्हाई."

स्टोअरकीपर असून माल चुकीचा आणला. मान खाली घातली.

"जुनी वायर हाय का? तांब्याची असंल. चांगला तुकडा निघाला तर तीच लावू."

मी डिकीतून पिशवी काढून दिली. दादा म्हणाला होता तसं फेकलं असतं, तर इथं ही गोष्ट संपली असती.

मिस्त्रींनी तो फुगवटा बोटांनी चाचपला. वरच्या कापडाला बारीक गाठ होती, ती नखांनी सोडवली. पट्टी उलगडत गेली. मळून काळी पडलेली, पण आतल्या वेढ्यांत पांढरी राहिलेली आणि एका कडेला बारीक लाल काठ. तो काठ मी कुठंही ओळखला असता. अण्णांच्या उपरण्याचा होता.

त्याखाली काळी टेप, वाळून कडक झालेली. टेपेच्या आत वायर कापलेली होती आणि कापलेल्या दोन टोकांच्या मधे एक बटण होतं. तपकिरी, चार भोकांचं, त्यातली दोन भोकं जळून काळी झालेली.

"बटन," मिस्त्री म्हणाले. "लई सालांनी पाह्यलं. जुना इलाज हाय. प्लग ऑइलनं काळा पडला, गाडी उठंना, की वायर कापून मधी बटन घालायचे. ठिणगीला भोकातून उडी मारावी लागती, ती तेज व्हती, प्लग पेटतो. पन हे घरी पोचायपुरतं असतं. पोचलं की जल्दी काढायचं. ठेवलं तर कॉइलीवर रोज जोर पडतो, ती आतून भाजून निघती. थंडीत चालती, गरम झाली की बसती. कोन्या नव्या मानसानं घातलं असंल अन् काढायचं विसरला."

ते बटण माझ्या खाकी शर्टाचं होतं. कारखान्यात लागलो त्याच्या पहिल्या वर्षी मिळालेला युनिफॉर्म. दिवाळीला गावी आलो तर मी तोच घालून मिरवत होतो. अण्णांची गाडी सकाळी उठत नव्हती. कारखान्याच्या गेटवर एका स्कूटरवाल्याकडून मी ही युक्ती शिकलो होतो. दादा शेतात होता. मी शर्टाचं खालचं बटण तोडलं, वायर कापली, टेप गुंडाळली आणि गाडी एका किकमध्ये सुरू झाली. अण्णा ओट्यावरून म्हणाले, "शहरात जाऊन काहीतरी शिकला म्हणायचा." त्यांनी माझं केलेलं ते एकमेव कौतुक. दोन दिवसांनी मी पुण्याला निघालो, तेव्हा आईनं डब्यातलं पांढरं बटण शर्टाला लावून दिलं. बटण कुठं गेलं ते तिनं विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. गाडीतलं बटण काढायचं असतं हे मला ठाऊकच नव्हतं. एका महिन्यानं अण्णा गेले.

मी हे सगळं विसरलो होतो असं म्हणायला आता जीभ रेटत नाही. आठवायची वेळ आली नव्हती, एवढंच म्हणतो.

मिस्त्री पट्टी आणि टेप दोन्ही हातांत धरून बघत होते. "टेप एकाची अन् कापड दुसऱ्याचं. मागून कोनीतरी उघडून परत बांधलंय. गाठ पाहा, घाईत मारल्यावानी हाय."

मला सांगायची गरज नव्हती. अण्णा उपरण्याशिवाय कधी घराबाहेर पडत नसत, त्या दिवशीही ते खांद्यावर असणारच. ते फाडून पट्टी बांधणारा माणूस त्या रस्त्यावर एकच होता.

"मिस्त्री," मी विचारलं, "ह्या बटणानंच गाडी बंद पडली का?"

त्यांनी जुनी कॉइल बॅटरीला लावून बघितली. ठिणगी आली. मग कॉइल मोटारी सुकवायच्या तापत्या बल्बखाली ठेवली आणि चहा मागवला. चहा होईपर्यंत ती तशीच तापत राहिली. परत लावली तेव्हा ठिणगी आली नाही.

"कॉइल जुनी व्हतीच," ते म्हणाले. "बटन नसतं तरी साल-दोन सालांत गेली असती."

"पण त्या दिवशी?"

"त्या दिवशीचं मी कसं सांगू, साहेब."

जुन्या वायरचा तुकडा कामाचा निघाला नाही, म्हणून त्यांनी फळीवर शोधून तांब्याची नवी वायर कापली, नव्या कॉइलच्या खिळ्यावर फिरवून बसवली, टोकाला मेण लावलं. गाडी दुसऱ्या किकला सुरू झाली. बटण त्यांनी वर्तमानपत्राच्या कपट्यात गुंडाळून माझ्या खिशात घातलं आणि उपरण्याची पट्टी घडी करून वेगळी दिली.

हसनाबादच्या फाट्यावर मी गाडी चालू ठेवून उभा राहिलो. पुढचा रस्ता संभाजीनगरचा होता. पुढं निघून जावं, कोणाला काही सांगू नये, असं मनात आलं. पुण्यात गाडी लोकांना दाखवली असती. आलंच मनात, नाही म्हणत नाही. मग गाडी वळवली. भोकरदनला एका लॉजवर मुक्काम केला. झोप आली नाही, आणि येऊ नये असंही वाटत होतं.

परत टेंभुर्णी

दुसऱ्या दिवशी पोचलो तेव्हा दादा अंगणात कापसाच्या ढिगापाशी बसून पालापाचोळा वेचत होता. गाडीचा आवाज ऐकून त्यानं मान वर केली. मी परत आलोय म्हणजे काय झालं असेल ते त्याला कळलं असावं, कारण त्यानं काही विचारलं नाही.

मी त्याच्या समोर बसलो आणि कपटा उलगडून बटण त्याच्या पुढं ठेवलं. शेजारी पट्टी ठेवली.

त्यानं पट्टी उचलली. बटणाला हात लावला नाही.

"फेक म्हनलं व्हतं तुला," तो म्हणाला.

"तुला माहिती होतं."

"रस्त्यातच कळलं. कुठं फॉल्ट हाय म्हनून टेप सोडली तर बटन. त्या दिवाळीला तुझ्या शर्टाला पांढरं बटन लावलेलं मी पाह्यलं व्हतं. काढून तारा एकमेकीला जोडल्या, तरी उठंना. परत घालून पाह्यलं. उठंना. टेप चिकटंना झाली, मंग अण्णांच्या उपरण्याची पट्टी फाडली. तेवढ्यात टेम्पो आला."

"मग सांगितलं काहून नाहीस? मिस्त्रीकडं तरी न्यायचीस गाडी."

"मिस्त्रीनं उघडली असती तर गावभर झालं असतं. म्हनून तर नेली न्हाई."

आम्ही चोवीस वर्षं ज्याला त्याचं मन खाणं म्हणत होतो, ते हे होतं.

"आईला तरी," मी म्हणालो.

दादानं ढिगातलं एक वाळलं पान काढून बाजूला टाकलं. "आईला काय सांगू? माझ्यावरनं तिचं मन उडालंच व्हतं. तुझ्यावरनं बी उडालं असतं, तर तिनं राहायचं कोनापाशी? तुझ्याकडं तरी आली. जेवली, निजली, नातवंडं पाह्यली."

"तुला राग नाही आला?"

"आल्ता. पहिली दोन-तीन सालं लई आल्ता. तू दिवाळीला यायचा अन् आई तुला जवळ बसवून वाढायची, तवा मी गोठ्यात जाऊन बसायचो. मंग राग बी म्हातारा झाला."

मला रडू आलं. लपवलं नाही. वहिनी पाण्याचा तांब्या घेऊन दारापर्यंत आली आणि तशीच आत गेली.

"मी सगळ्यांना सांगतो," मी म्हणालो. "मामांना, आत्याला, गावात सगळ्यांना सांगतो."

"सांग. पन जिला सांगायचं ती गेली ना." त्याच्या आवाजात कडवटपणा नव्हता. असता तर मला सोपं गेलं असतं.

मग तो आपण होऊन बोलला. "अण्णा माझ्या पाठीला टेकून व्हते. मी दर थोड्या वेळानं इचारायचो, 'अण्णा, बसलात ना?' ते म्हनायचे, 'हूं.' गाडी बंद पडल्यावर लिंबाखाली बसवलं, तरी किका मारता मारता इचारत व्हतो. टेम्पोत बी इचारलं. तिथं मंग आवाज आला न्हाई."

मी म्हटलं, "दादा, गाडी आता तू ठेव. तू चालव, मी मागं बसतो."

"नको. माझ्या मागं कोनी बसायची मला आता सवय न्हाई."

मी पुन्हा आग्रह केला नाही. बटण दोघांच्या मधे तसंच पडून होतं. संध्याकाळी कापूस भरताना ते कुठं गेलं, मला माहीत नाही आणि मी शोधलंही नाही.

सकाळी माझी एसटी होती. वहिनीनं भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी बांधून दिली. मी पिशवी उचलून पायी निघणार, तेवढ्यात शेडमधून किकचा आवाज आला. एक, दोन, तीन. दादा गाडी घेऊन दारात आला आणि माझ्याकडं न बघता म्हणाला, "बस."

मी बसलो. चोवीस वर्षांत त्याच्या मागं बसणारा घरातला मी पहिला. त्याचा सदरा घामानं आणि कापसाच्या तुसांनी खरखरीत झालेला. तो इतका हळू चालला होता की एक सायकलवाला आम्हाला मागं टाकून गेला. स्टँड काही लांब नाही, चालत गेलं तरी थोडाच वेळ लागतो. वळणावर त्यानं मान किंचित मागं वळवली आणि विचारलं, "बसलास ना?"

मला खूप काही बोलायचं होतं. तोंडातून "हूं" एवढंच निघालं, आणि ते निघाल्याबरोबर त्याची पाठ माझ्या हाताखाली थरथरली. स्टँड येईपर्यंत त्यानं आणखी दोनदा विचारलं. दोन्ही वेळा मी मोठ्यानं, नीट ऐकू जाईल असं उत्तर दिलं.